बिळातला खुळखुळाट

मित्रांनो, मी एक जुना, थोराड धोंडा आहे. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या गवताळ माळावर बर्फाच्या लोंढ्याने मला आणून टाकले, आणि परत न्यायला कोणी आले नाही. पूर्वी केसाळ रानगवे माझ्यावर अंग घासत. त्यांच्या खाजेनेच मी इतका गुळगुळीत झालो. गवे गेले, गहू आला. शेताचा आताचा मालक ओरेस्ट, याच्या आजोबांनी पहिला नांगर धरला तेव्हा मला चार शिव्या दिल्या आणि दुपारी माझ्याच सावलीत बसून बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोगी खाल्ल्या. माणसांचा हिशोब असाच आहे: हलतो तो धोंडा अडगळ, हलत नाही तो पूर्वजांची आठवण.

माझ्यापाशी नांगर येत नाही, म्हणून अंगणाएवढे जुने गवत उरले आहे. तिथे जमिनीत राहणाऱ्या खारींनी बीळ खणले. त्या गेल्यावर लांब पायांच्या पिंगळ्यांच्या जोडीने ते बळकावले. त्यांची पिल्ले घाबरली, की हुबेहूब शेपूट वाजवणाऱ्या विषारी खुळखुळ्या सापासारखा आवाज काढतात. त्या आवाजाने माघारी फिरलेले कोल्हे मी पाहिले आहेत.

इथे दर हिवाळा जमिनीतून नवे दगड वर ढकलतो. यंदा शेत पडीक होते, म्हणून ओरेस्ट आणि त्याची बायको टेक्ला उन्हाळ्यात दगड वेचायला आली. ओरेस्ट बिळाशी वाकला. आतून खुळखुळ आली.

"साप आहे," म्हणत तो मागे उडाला.

"लग्नात नाचायला सांगितलं तेव्हा एवढा उडाला नाहीस," टेक्ला म्हणाली.

"हस तू. गाई इथंच येतात अंग घासायला. चावला म्हणजे?"

वेचलेले दगड त्याने बिळात ठोकून बसवले. पिल्ले जोरात खुळखुळली, तसा तोही जोरात ठोकत गेला. एवढे अवाढव्य माझे अंग, पण माझ्याने 'थांब' म्हणवेना.

संध्याकाळी पिंगळा चोचीत उंदीर धरून माझ्या माथ्यावर बसला. सकाळी टेक्ला आली, तेव्हाही तो तिथेच होता. उंदीरही तोच.

"ओरेस्ट," ती हळूच म्हणाली, "सापाला डबा कोण आणून देतं रे?"

ओरेस्ट घराकडे धावला. त्याने पहार आणली. दोघांनी दगड उपसले. आत सगळे शांत होते.

आता तो माझ्या गवताला लांबून वळसा घालतो. बीळ उघडेच ठेवले आहे. पिंगळे फिरकले नाहीत. मित्रांनो, भिणाऱ्याचा आणि भिवविणाऱ्याचा आवाज कधीकधी एकच असतो. हातात दगड असेल, तर आधी थोडे थांबून पाहा.

जाताना पिंगळा उंदीर माझ्या माथ्यावरच ठेवून गेला. वाऱ्याने नेईपर्यंत मी तो सांभाळला. तेवढेच माझ्याने झाले.