तिसरी ओळ

क्रांतीनं डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि अनुजाच्या कानाला तोंड लावलं.

“आलेपाक हाय. कुणाला सांगू नगंस.”

या सहा वर्षांच्या पोरीला गुपित सांगणं म्हणजे वाऱ्याच्या ओंजळीत पीठ देणं, हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच सांगितलं. आज हादग्याला रूपालीबाई येणार होत्या. घरी ताट भिरकावणारी, चावे घेणारी, क्षणभर न थांबणारी अनुजा त्यांच्या खास मुलांच्या वर्गात मात्र आपली पाळी येईतो मांडीवर हात ठेवून बसायची. वर्गाच्या काचेआडून ते बघताना क्रांतीला वाटायचं, पोटची पोर आपली, आणि ऐकणार बाईंचं. एकदा, फक्त एकदा, बाईंच्या देखत पोरीनं ताळ सोडावा, एवढंच तिला हवं होतं.

हत्तीच्या चित्राभोवती फेर धरून झाला. खिरापत ओळखायची वेळ आली. पोरींनी डबा हलवून बघितला. लाडू झाला, करंज्या झाल्या, शेंगा झाल्या, सगळं चुकलं. मग शेजारच्या तानाबाई अनुजाकडं वळल्या.

“तुला म्हाईत असंल की गं. सांग, पयला तुकडा तुला.”

अनुजाचे ओठ उघडले. क्रांती पुढं झुकली. पोरीनं दोन्ही हात तोंडावर दाबले आणि डोळे मिटून घेतले.

रूपालीबाई खाली वाकल्या. “माझ्या कानात?”

अनुजानं जोरजोरात नकाराची मान हलवली.

“जादू हाय बाई तुमच्या हातात,” तानाबाई म्हणाल्या. क्रांतीला ते कुसळासारखं रुतलं.

“माझं काय न्हाय त्यात,” बाई म्हणाल्या. “थांबवंना झालं की पाठ असलेलं गाणं म्हण, एवढंच सांगितलं. गाणं तिचं तिनंच निवडलं.”

डबा उचलायच्या निमित्तानं क्रांती पोरीजवळ टेकली. बोटांच्या फटीतून बारीक सूर झिरपत होता.

पंचगंगेच्या पाण्यात चांद पाय धुतो गं,
तान्हीच्या डोळ्यांत नीज पेरून जातो गं...

आणि पुढं नुसतंच हूं हूं, हूं हूं. तिसरी ओळ क्रांतीला कधी आठवलीच नव्हती. रडून लाल झालेल्या पोरीला खांद्यावर घेऊन फिरताना ती त्या ओळीच्या जागी अशीच गुणगुणायची.

“हरलो बाबा,” पोरी म्हणाल्या. “सांग आता.”

अनुजानं डोळे उघडून आईकडं बघितलं. हात तोंडावरच होते, सूर चालूच होता.

‘सांग’ क्रांतीच्या ओठांवर आलं होतं. तिनं आधी ती तिसरी ओळ संपू दिली.