अकरा घरं आणि ऑटिली आजी

क्लीव्हलंडला बर्फ पडून गेला की दुसऱ्या दिवशी रस पेट्रासेक गाडी काढी आणि जुन्या वस्तीतून गल्लीगल्ली फिरे. ज्या घरापुढचा बर्फ दुपारपर्यंत कोणी काढलेला नसेल, ते घर तो टिपून ठेवी. अशा घरात बहुधा एखादं एकटं म्हातारं माणूस असतं. अंगात ताकद नाही, मुलं दूरच्या राज्यात. पूर्वी त्यांचा बर्फ शेजारी काढून देत. आता त्यांच्या दारात घर विकत घेणारा उभा राहतो. आमच्याकडे हा धंद्याचा रिवाजच झाला आहे, आणि त्याची कोणाला लाजही वाटत नाही.

त्या जानेवारीत रसच्या हाती एकाच वेळी अकरा घरांचे व्यवहार होते. एकाचं खरेदीखत, दुसऱ्याची डागडुजी, तिसऱ्याला गिऱ्हाईक बघायचं. त्याची बायको डेनीस स्वयंपाकघरातल्या फळ्यावर सगळं मांडत असे. ती नोटरी होती, त्यामुळे सह्याशिक्केही घरच्या घरी होत.

पाचवं घर ऑटिली हरिबार या चौऱ्याऐंशी वर्षांच्या विधवेचं. खरेदीखत झालं, पण वृद्धाश्रमातली खोली महिनाअखेरीला मिळणार होती.

"तोवर राहू का रे इथंच?" आजींनी विचारलं.

"रहा की निवांत! मी काय तुम्हाला हाकलतोय? मी आहे ना."

हा शब्द त्याने मनापासून दिला होता, एवढं मात्र खरं. पण तो कागदावर उतरला नाही आणि डेनीसच्या कानावरही गेला नाही. कारण तेवढ्यात फोन वाजला, सातव्या घराचं छत गळत होतं.

डेनीसने खरेदीखत झालेलं पाहिलं, फळ्यावर 'रिकामं' असं लिहिलं आणि नेहमीची माणसं पाठवली. रिकाम्या घराचे नळ गोठून फुटू नयेत म्हणून त्यांतलं पाणी काढून टाकायचं, घर तापवणाऱ्या भट्टीचा गॅस बंद करायचा. माणसांनी दार वाजवलं. आजी वरच्या खोलीत झोपल्या होत्या, कानातलं यंत्र काढून. उत्तर आलं नाही तेव्हा ती माणसं किल्लीने आत शिरली, तळघरातलं काम वीस मिनिटांत उरकलं आणि निघून गेली. बाहेर पारा शून्याखाली अठरा होता.

आजींनी चार वेळा फोन केला. रसच्या फोनमध्ये अकरा घरांचे निरोप साचले होते. आजींचा निरोप त्याने ऐकला तो तिसऱ्या दिवशी: "रस बाळा, घर तापवायची भट्टी बंद पडलीय वाटतं. घाई नाही, तुला सवड झाली की बघ."

तो धावत गेला. आजी कोट घालून स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसलेल्या होत्या. अंग केव्हाच गार झालं होतं.

दुसऱ्या दिवशी रसने डेनीसपुढे एक कागद ठेवला. घर बाराव्या तारखेला, म्हणजे माणसं तिथं जाण्याआधीच, रिकामं करते, असं आजींनी लिहून दिल्याचा.

"शिक्का मार. तारीख मागची टाक."

"ही सही त्यांची नाही, रस."

"मग काय झालं? हा कागद नसेल तर बाकीची दहाही घरं अडकतील. आपलं घरही त्यातच गुंतलंय, माहितीये ना तुला?"

"त्यांचा तर जीवच गेला."

"मी मारलं का त्यांना? थंडीनं गेल्या त्या!"

"माणसं मी पाठवली. शब्द तू दिलास. आता थंडीवर कसलं ढकलतोस?"

"शहाणपणा नको शिकवू. दहा वर्षं याच पैशांवर जेवतेयस."

"हो, जेवलेय," डेनीस म्हणाली. "म्हणूनच शिक्का मारणार नाही."

तिने कागद तसाच परत सारला आणि दुपारी पोलिसांत जाऊन सगळं सांगितलं. त्यात स्वतःची चूक तिने आधी सांगितली. तिथल्या अधिकाऱ्याने दोनदा विचारलं, "बाई, वकिलाशी बोललात का?" ती नाही म्हणाली. तिला भयंकर भीती वाटत होती, पण ती उठून गेली नाही.

घरी आली तेव्हा फोन वाजत होता. पलीकडे सिरिल झेलेन्का नावाचे आजोबा होते.

"तुमचा नवरा काल येऊन गेला हो. पोरगा भला वाटला. सही नक्की कुठं करायची, तेवढं सांगता का?"

रस दारात उभा होता. त्याने मान हलवून तिला नको म्हटलं.

"आजोबा, सही करू नका," डेनीस म्हणाली.

"का हो? माझं काही चुकलं का?"

"तुमचं नाही." आणि मग तिने ऑटिली हरिबार कशा गेल्या ते त्यांना पहिल्यापासून सांगितलं, कोणामुळे गेल्या, तेही.

फोन ठेवून तिने फळ्यावरच्या यादीतलं पुढचं नाव शोधलं आणि नंबर फिरवला.