खंडेनवमीची सुट्टी

मी सुरी. आधीच सांगते, दचकू नका. माझं नाव काढलं की लोकांना एक तर कांदे आठवतात, नाही तर पोलीस. माझा दोघांशीही संबंध नाही. मी रानात न्यायची सुरी आहे. लांबीला वीतभर, त्यात निम्मं पातं आणि निम्मी मूठ, आणि जाडीला गव्हाच्या दाण्याएवढी. बोलते जरा तिखट, पण तो धारेचा गुण आहे, मनात काही नसतं. आज मात्र तिखट बोलायचंही बळ नाही, कारण ज्याच्याबद्दल सांगायचंय तो माझा हरिओम आता नाही.

माझा जन्म औशाचा. सोलापूर रस्त्याला एका लोहाराच्या भात्यापुढे मी जन्मले. त्याआधी मी ट्रकच्या कमानीतला पाटा होते. ऊस, सोयाबीन, सिमेंट, वऱ्हाडी मंडळी, सगळं पाठीवर पेलून झालं आणि ट्रक भंगारात निघाला. लोहारानं मला लाल होईपर्यंत तापवलं, ठोकलं आणि तेलात बुडवलं. मग बाभळीची मूठ बसवली. माझं पातं त्यानं मुठीच्या शेवटच्या टोकापर्यंत अखंड ठेवलं. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे याच गुणावर माझं लग्न जमलं म्हणा ना.

लातूरला गंजगोलाईत सिद्रामप्पांचं हार्डवेअरचं दुकान आहे, तिथे मी विकायला आले. काचेच्या कपाटात नटव्या सुऱ्यांचा थाट होता. एकीला करवतीसारखे दात, एकीच्या मुठीत होकायंत्र, एकीला हिरवी दोरी गुंडाळलेली. मी खाली, खिळ्यांच्या डब्याशेजारी. गिऱ्हाईक आलं की त्या चमकायच्या आणि माझ्यावर धूळ बसायची. काळी होते ना मी!

हरिओम आला तो सोलर पंपाचे नट-बोल्ट घ्यायला. कंधारचा पोरगा, पंचविशीतला. शेताशेतांत पंप बसवायचं त्याचं काम आणि रानात जायचं त्याला वेड. रविवार आला की मित्रांना घेऊन माळावर, तळ्याकाठी, जमलंच तर किनवटच्या जंगलात जायचा. तिथे चूल मांडायची, झाडाखाली झोपायचं, चार पाखरं ओळखायची. त्याच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. लाकूड फाडताना घडीचा चाकू मधेच मिटला होता आणि अंगठा सापडला होता.

"अप्पा, घडीची नको. सलग पात्याची दाखवा. आन् खिशाला झेपल अशी," तो म्हणाला.

सिद्रामप्पांनी कपाट उघडलं. "ही घ्या की. मुठीत होकायंत्र हाय."

"कंधारात मी हरवतो व्हय अप्पा?"

अप्पा हसले. हरिओमनं एकेक सुरी हातात घेतली. दातांची खाली ठेवली, म्हणाला, हिला दगडावर धार कशी लावू? दुसरीची मूठ हलवून बघितली, आत पातं बोटभरच गेलं होतं. "लाकडावर दोन ठोके बसले की मूठ एकीकडं आन् पातं एकीकडं," म्हणून तीही ठेवली. मग त्याची नजर खिळ्यांच्या डब्याकडे गेली. त्यानं मला उचललं, सदऱ्याला पुसलं, मुठीचं टोक निरखलं. पाठीवरून अंगठा फिरवला. मनगटावरची लव माझ्या धारेनं अलगद उतरवून बघितली. इतक्या मायेनं मला आजवर कुणी हात लावला नव्हता, खरंच सांगते.

"हीच," तो म्हणाला.

अप्पांनी मला तेलाचं बोट लावलं, चामड्याच्या म्यानात घातलं आणि त्याच्या हातात न देता गल्ल्यासमोरच्या फळीवर ठेवलं. "सुरी हातात देत न्हाईत बाबा. भांडण हुतंय. तुमचं तुम्ही उचला."

हा आपल्याकडचा रिवाज तुम्हाला ठाऊक असेलच. हरिओमही तो पाळायचा. बजरंग म्हणून त्याचा जिवलग मित्र होता, लंगोटीयार. त्यानं मला मागितलं की हरिओम मला जमिनीवर ठेवायचा. बजरंग चिडायचा, "आरं पण आपलं भांडण रोजच हुतंय की!"

चार वर्षं मी त्याच्या कमरेला होते. काय काय केलं म्हणून सांगू! ओल्या लाकडाची साल काढून आतलं कोरडं लाकूड मी काढून द्यायची. माझ्या पाठीवर चकमक घासली की ठिणगी पडायची. ऊस सोलला, पळसाच्या पानांचे देठ खुडले, ठेच्यासाठी मिरच्याही चिरल्या. मिरच्यांचा मला राग यायचा, पण हरिओमला कोण बोलणार? संध्याकाळी तो मला दगडावर घासायचा, पुसायचा आणि खोबरेल लावायचा. म्हणायचा, "पाणी अंगावर ठिवू नये हिच्या. लगेच गंजती." दाराबाहेर पाऊल टाकताना त्याचा हात उजव्या कमरेवर जायचा. मी आहे ना, एवढं बघायचा आणि निघायचा.

एकदा मन्याड धरणाच्या पाण्याकाठी एक बगळा अडकलेला दिसला. फाटलं म्हणून कुणी नायलॉनचं जाळं पाण्यातच टाकून दिलं होतं, त्यात त्याचे पाय गुरफटले होते. हरिओम गुडघाभर पाण्यात शिरला. दोन झटक्यांत मी ते जाळं तोडलं. नायलॉन माझ्यापुढे किस झाड की पत्ती! बगळा उडाला तेव्हा हरिओम मला म्हणाला, "शाब्बास गं."

घरात तो, आई केवळाबाई आणि धाकटी बहीण ऋतुजा, एवढीच माणसं. वडील तो लहान असतानाच वारले होते. केवळाबाई माझ्याकडे आधी वाकड्या नजरेनं बघायच्या. "चांगल्या घरचं लेकरू कमरंला सुरी लावून हिंडायलंय, लोक काय म्हणतील?" पण लेक रानातून धडधाकट परत येतो, त्याला माझा आधार आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्याच मला तुळशीजवळच्या खुंटीवर अडकवायला लागल्या. कधीकधी कुणी नसताना बोलायच्याही माझ्याशी. "संबाळ गं बाई त्याला," म्हणायच्या.

मग ती खंडेनवमी आली.

त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा असते. केवळाबाईंनी पाट मांडला. विळा, खुरपं, कुऱ्हाड, हरिओमचे पाने आणि पक्कड, सगळं धुऊन ठेवलं. मलाही म्यानातून काढलं, धुतलं आणि मधोमध ठेवलं. ओल्या बोटानं हळद लावली, कुंकू लावलं, वर झेंडूची फुलं वाहिली. खोटं कशाला बोलू, मला लई भारी वाटलं. चार वर्षांत माझी कुणी पूजा केली नव्हती, दर खंडेनवमीला मी हरिओमच्या कमरेलाच असायची.

दुपारी बजरंग आला. दोघं धरणाकडे निघाले. हरिओमचा हात सवयीनं कमरेवर गेला, म्यान रिकामं होतं. तो पाटाजवळ आला आणि वाकला.

"काय करायलास?" केवळाबाई आतून ओरडल्या.

"आई, पाण्याकडं जायलो. सुरी लागल."

"पूजंतलं हत्यार उचलत्यात व्हय? दसरा झाल्यावर घे. वरीसभर राबती बिचारी, एक दिस तिलाबी इसावा दे की."

हरिओमचा हात माझ्यापासून बोटभर लांब होता. त्यानं आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हसला. "बरं बाई, आज तुला सुट्टी," मला म्हणाला आणि गेला. बजरंगची मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज मी फुलांखालून ऐकला.

दिवस मावळायच्या सुमाराला अंगणात माणसं जमली. बजरंग निथळत दारात उभा होता. त्याच्यामागून चौघांनी हरिओमला आणलं. ते मी पाटावरून बघितलं. पुढचं मला सांगवत नाही, पण सांगायलाच हवं.

"कसं झालं रं?" केवळाबाईंनी विचारलं. आवाज अगदी साधा होता, एखाद्याला जेवलास का विचारावं तसा.

बजरंग मटकन खाली बसला. "मावशी, म्हशीचं रेडकू पाण्यात अडकलं व्हतं. जुन्या जाळ्यात. म्हसरावालीची पोरगी काठावर रडू लागली. ह्यो शिरला पाण्यात. छातीइतकं पाणी. रेडकाजवळ गेला आन् त्यानं कमरंला हात घातला, मावशी."

तो थांबला. 

"मग माझ्याकडं बघून हसला. म्हणला, आज सुरीची सुट्टी हाय. आन् दातानंच जाळं तोडाय लागला. रेडकू सुटलं. ते जाळं ह्याच्याच पायाला गुतलं. त्यो जेवढा वढायला, तेवढं आवळायलं, आन् खाली खड्डा व्हता. मला पव्हता येत न्हाई मावशी, मी दोर आणाय पळालो. मी येईस्तवर…"

केवळाबाईंनी हंबरडा फोडला नाही. त्यांनी मान वळवली आणि पाटाकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मी त्यांच्याकडे. अंगावरची ती झेंडूची फुलं मला नकोशी झाली. दोन झटक्यांचं काम होतं हो. बगळ्यासाठी केलं होतं मी, आणि माझ्या माणसासाठी मी फुलांखाली आराम करत होते.

दुसऱ्या दिवशी भावकीतली एक बाई म्हणाली, "ही सुरी अपशकुनी हाय, नदीत टाका."  केवळाबाईंनी मला न पुसताच म्यानात घातलं आणि देवघराच्या खालच्या फळीवर ठेवलं. कालची हळद तशीच अंगावर. वर्षभर मी त्या अंधारात होते. हरिओम म्हणायचा तसंच झालं, गंज चढला. जिथे केवळाबाईंचं बोट टेकलं होतं, नेमका तिथेच चढला, त्यांच्या बोटाच्या ठशाएवढा.

बाहेरचं कानावर यायचं तेवढंच. केवळाबाई रोज पहाटे दिवा लावायच्या आणि एकच वाक्य पुटपुटायच्या, "म्याच अडवलं रं तुला." ऋतुजा म्हणायची, "आई, तू मायेनं अडवलंस." ते ऐकून त्या आणखीच मिटून जायच्या. बजरंग सणावाराला दारापर्यंत यायचा आणि तिथूनच परत जायचा. ऋतुजाला तर पाण्याच्या दिशेला पाय टाकायची बंदी होती.

वर्ष फिरलं. वर्षश्राद्ध झालं आणि लागून खंडेनवमी आली. केवळाबाईंनी पाट मांडलाच नव्हता. ऋतुजानं चाचरत विषय काढला. बजरंग आणि रविवारची सगळी मित्रमंडळी धरणातली टाकलेली जाळी काढायला निघाली होती. होडी ठरवली होती, पोहणारे सोबत होते. हरिओमच्या नावानं आज ते करायचं होतं आणि तिलाही जायचं होतं.

 केवळाबाई उठल्या, देवघराशी वाकल्या आणि मला बाहेर काढलं. वर्षानं उजेड बघितला मी. त्यांनी माझं पातं बघितलं, गंजाचा डाग बघितला, त्यावर आपलं बोट ठेवून बघितलं. बोट बरोबर बसलं. तेव्हा कुठे त्या हुंदके देऊन रडल्या.

मग न्हाणीजवळच्या दगडावर बसून त्यांनी मला घासलं. हरिओम घासायचा तसंच, दारातून रोज बघून शिकल्या असाव्यात. धार आली, पण डाग गेला नाही. खोबरेल लावून त्यांनी मला म्यानात घातलं आणि ऋतुजापुढे धरलं.

ऋतुजा मागे सरली. "आई, खाली ठिव. हातात देऊ नये. भांडण हुतंय म्हणत्यात."

"हू दे," केवळाबाई म्हणाल्या. "पोटभर भांड मह्यासंग. भांडायला तरी माणूस घरी यावं लागतंय." आणि त्यांनी मला लेकीच्या हातात दिलं. मूठ घट्ट मिटेपर्यंत तिचा हात सोडला नाही.

त्या दुपारी मी त्या पाण्यात उतरले. होडीच्या काठावरून ऋतुजा जाळी कापत होती, बजरंग ओढून घेत होता. प्रत्येक जाळं मी दोन झटक्यांत तोडलं. पाणी गार होतं. हरिओमनं मला इथेच शोधलं होतं आणि मी पोचले एक वर्ष उशिरा. कापताना सारखं वाटत होतं, खाली कुठेतरी त्याचा पाय अजून अडकलेला असेल, अजून एक जाळं कापलं तर सुटेल. पोरं म्हणत होती, आता बास. ऋतुजा थांबत नव्हती, आणि मलाही थांबायचं नव्हतं.

आता मी तिच्या कमरेला असते. ती बाहेर निघाली की केवळाबाई दारात आडव्या येतात, तिच्या उजव्या कमरेवर स्वतःचा हात ठेवून बघतात आणि मगच वाट सोडतात. डाग आम्ही तिघींनी तसाच राहू दिला आहे.

तुमच्याही घरात कुणी रानात, पाण्यावर जाणारं असेल. माझ्यासारखी एखादी घ्या, साधी, अखंड पात्याची, खिशाला झेपेल अशी. पूजा करायची तर बिनधास्त करा, हळदकुंकू लावा, पण लगेच पुसा आणि तिच्या माणसाच्या कमरेला बांधा. विसावा मला नको. मी एकच दिवस घेतला होता.