दिवा मोठा कर

सोनटेक नगरपालिकेनं आगीविरुद्ध एकंदर चौदा नियम केले होते. आग सोडून बाकी सगळ्यांना ते लागू पडत.

त्यांचा अंमल पितांबर जमादाराकडे होता. चौथ्या नियमाप्रमाणे होळीपासून मृगापर्यंत, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, कुडाच्या घरात चूल पेटवायची नाही. धूर दिसला की पितांबर आत शिरे आणि चुलीत तांब्याभर पाणी ओते. तव्यावरची भाकरी अर्धी कच्ची राही. बाया शिव्या देत; शिव्यांबद्दल नियम नसल्यामुळे तो त्या ऐकून घेई. माणूस वाईट नव्हता. अठरा वर्षांच्या नोकरीत त्यानं कुणाचं काही खाल्लं नव्हतं.

नववा नियम कापसाच्या वखारींचा. आत उघडा दिवा नेऊ नये, टांगू नये. गावात मोठी वखार एकच, भंवरलाल शेठची, आणि ती घराच्या मागच्या अंगाला. तिथं जायचं तर स्वयंपाकघर आणि देवघर ओलांडून, म्हणजे अनवाणी. जमादाराचे सरकारी बूट नडगीपर्यंत नाड्यांचे. काढायला पाव तास, चढवायला त्याहून अधिक. म्हणून दर पाडव्याला पितांबर शेठच्या ओट्यावर टेके, पन्हं घेई (पन्हं खाण्यात मोडत नाही) आणि वहीत लिही, 'वखार पाहिली. दिवा नाही.' खाली तारीख, सही.

सन एकतीसच्या पाडव्यालाही त्यानं तसंच लिहिलं. अकराव्या दिवशी दिवेलागणीला वखार पेटली.

पुना हमाल दिवसभराच्या ओझ्यानं शिणून आत गाठींमागे आडवा झाला होता. शिंदखेड्याकडून आलेला नवा रखवालदार भिकन त्याला काढायला दोनदा आत शिरला. दुसऱ्या खेपेला घेऊन बाहेर आला. पुना दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गेला. भिकनचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

सकाळी पितांबर कागद घेऊन दवाखान्यात गेला. त्याच्या अहवालावर खटला कुणावर भरायचा ते ठरणार होतं, आणि माणूस मेल्यामुळे खटला नुसत्या दंडावर भागणारा नव्हता. भिकनची बायको सुंदरबाई उशाशी बसून वारा घालत होती.

"आग कशी लागली?"

"दिवानी," भिकन म्हणाला. "वखारमा टांगेल शे ना, चिमणी. मी वात वर करी. जाळ उंच गया नि वरला कापूसनी धरं."

"कापसाच्या वखारीत वात वर केलीस? कशाला?"

"माजीनी सांगं. 'दीवो बडो कर दे.' दोनदा सांगं. मी पहिल्यांदा करा तर त्या आखो वरडन्यात, म्हनीसन आखो मोठा करा. मालकीननं आयकानं नही का, भाऊ?"

पितांबरनं लेखणी थांबवली. असा हुकूम शहाणा माणूस देत नाही आणि शेठच्या आई प्रेमकुंवर माजी तर गावातली सर्वांत शहाणी बाई. भिकन खोटं बोलतोय असं लिहायला तो बसलाच होता. पण भिकन एवढं वाईट खोटं बोलेल असंही त्याला वाटेना. खोटं बोलणारा माणूस याहून बरं काहीतरी काढतो.

तो शेठच्या घरी गेला आणि पायरीवर बसून त्यानं बुटाच्या नाड्या सोडल्या. अठरा वर्षांत पहिल्यांदा. शेठ उभे राहून पाहत राहिले.

माजी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. जोधपूरकडून लग्न होऊन आल्याला पन्नास वर्षं झाली तरी त्यांनी बोली बदलली नव्हती. त्यांनी आपण होऊनच सांगितलं. वखारीत वर्षानुवर्षं टांगलेल्या दिव्यावर खिडकीतून त्यांना पाखरं पडताना दिसली. जीव जळतात, पाप लागतं. म्हणून ओरडल्या, "भिकन, जीव पडै है, दीवो बडो कर दे!" तर तो मेला वात चढवायला लागला. पुन्हा ओरडल्या. त्यानं आणखी चढवली.

"मग तो म्हणतो ते खरंच, माजी. तुम्ही मोठा कर म्हणालात."

माजींनी मुलाकडं पाहिलं. भंवरलाल शेठ खाली बघत म्हणाले, "आमच्यात दिवा विझव असं तोंडातून काढत नाहीत, जमादारसाहेब. अशुभ असतं. विझवायचा असला की 'बडो कर' म्हणतात. जुना रखवालदार वीस वर्षं आमच्याकडे होता, त्याला ठाऊक होतं. हा नवा."

माजींनी विचारलं, "पुना रै घर मांय कुण है?"

"बायको आणि म्हातारी आई," शेठ म्हणाले.

माजींनी पदर डोळ्यांवर ओढला आणि त्या भिंतीकडं वळल्या.

ओट्यावर आल्यावर शेठचा आवाज व्यापाऱ्याचा झाला. "जमादारसाहेब, माझ्या आईला कोर्टात उभी करू नका. तिचा शब्द मध्ये आणूच नका. साधं आहे. वखारीत दिवा नव्हता. भिकननं तो बाहेरून आणला."

"दिवा खिळ्याला टांगलेला होता, शेठ. वर्षानुवर्षं. माजींनीच सांगितलं."

"असेल. पण तुमच्या वहीत नाही," शेठ म्हणाले. "मी काही माझ्या पदरचं सांगत नाही. तुमच्याच सहीचं सांगतो."

पितांबर उठून कचेरीत आला. वही काढली. अठरा पाडवे, अठरा सह्या, एकीतही खाडाखोड नाही. पालिकेच्या सबंध दप्तरात इतका स्वच्छ कागद दुसरा नसेल. या कागदाच्या जोरावर भिकन दोनतीन वर्षं तरी आत गेला असता, आणि कुणी पितांबरला एका शब्दानं विचारलं नसतं. कारकुनानं तर शाईही घालून दिली. "लिहा ना आबा. अडाणी माणूस, दिवा आणला, पेटली. चार ओळींचं काम."

पितांबरनं अहवाल लिहायला घेतला. चार ओळींत संपला नाही. दोन पानं झाली. दिवा पूर्वीपासून होता. बाईंनी विझवायला सांगितलं. गड्यानं हुकूम जसा ऐकला तसा पाळला. दोघांचंही म्हणणं खरं आहे. खोटी आहे ती वहीतली नोंद. वखार मी कधीच पाहिली नाही. शेवटच्या वाक्यापाशी त्याचा हात बराच वेळ थांबला. मग तेही त्यानं पूर्ण केलं.

महिन्याभरात मामलेदार कचेरीतून निकाल आला. भिकन मोकळा. शेठला नवव्या नियमाखाली दंड. जमादार बडतर्फ. पालिकेनं तातडीची सभा भरवून पंधरावा नियम मंजूर केला: दिवा विझविण्याची सूचना देताना 'विझवा' हाच शब्द वापरावा. ठराव एकमतानं झाला आणि लगेच सभासदांपैकी एकानं शिपायाला सांगितलं, "उशीर झाला, आता दिव्याला निरोप दे."

निकालाची बातमी सांगायला पितांबर भिकनच्या खोपटात गेला. हातांच्या पट्ट्या निघाल्या होत्या. बोटं एकमेकांना चिकटून वाळली होती. सुंदरबाई त्याला भाकरीचा घास भरवत होती.

"सुटलास," पितांबर म्हणाला.

भिकननं मान हलवली. घास गिळून झाल्यावर विचारलं, "मंग त्या माजीना मनमा काय व्हतं, भाऊ?"

"विझवायचं होतं."

"मंग तसं सांगाले काय व्हतं?"

"त्यांच्यात म्हणत नाहीत. अशुभ मानतात."

भिकन आपल्या हातांकडं बघत राहिला. बोलली ती सुंदरबाई, अगदी हळू, "आमनामा बी नही म्हनतस, भाऊ. आम्ही म्हनतस, दिवा जाऊ दे." आणि तिनं पुढचा घास मोडला.