सेंगा नाब्बोसाचे गुडघे

माझ्या कामाला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात, आणि मसाका शहराच्या या बाजूला त्याचा अर्थ कुणालाच धड सांगता येत नाही, मला धरून. मी मोटरसायकलवर मागे बसून गावोगावी जाते आणि आजारातून उठलेल्यांना त्यांच्याच घरात पुन्हा आंघोळ करायला, केळी सोलायला, बटणं लावायला शिकवते. लोक मला मुसावो म्हणतात, म्हणजे डॉक्टर. पिशवीत सुई नाही हे कळलं की बिचाऱ्यांची तोंडं उतरतात. त्यात मी, केम्बाबाझी, पडले मुकिगा, डोंगराकडची. आमच्या बायका खांद्यावर कुदळ घेऊन चालता चालताच रामराम उरकतात. इथल्या बागांडा बायका मात्र वडीलधाऱ्यांपुढे आधी गुडघे टेकतात आणि मग तोंड उघडतात. इतकी वर्षं इथे राहून मला ते काही नीट जमलं नव्हतं, आणि जमावं अशी हौसही नव्हती.

सेंगा नाब्बोसाला लकवा मारला होता. सेंगा म्हणजे आत्या, पण ती अख्ख्या गावाचीच सेंगा. डावा पाय जरा ओढायची आणि डावा हात कमरेच्या पट्ट्यात खुपसून ठेवायची, चोरीचा माल लपवावा तसा. नवरा नाही, मूलबाळ नाही. भावाची बायको गेल्यावर त्याची मुलगी पर्पेटुआ हिनंच वाढवली, आणि त्या पोरीचं नाव काढलं की हिच्या चेहऱ्यावर दिवा लागायचा.

मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, की बाई, तुला पुन्हा काय काय करता यायला हवंय? लोक संडासाचं सांगतात, चुलीचं सांगतात. ही म्हणाली, "गुडघे टेकायचेत."

मला वाटलं प्रार्थनेचं बोलतेय. "आणि परत उठायचंय," ती म्हणाली. "टेकायला काय, पडलं की टेकले."

झालं होतं असं की पर्पेटुआला मागणी आली होती आणि कॉफीची तोडणी संपली की मुलाकडचे येणार होते. त्या दिवशी नवरा मुलगा आपल्या माणसांत लपून बसतो, जणू आलाच नाही. मुलीच्या आत्यानं पलीकडच्या मांडवात जायचं, त्याला हुडकून काढायचं, त्याच्यापुढे गुडघे टेकून फूल द्यायचं आणि उठून हाताला धरून त्याला घरच्यांपुढे आणायचं. ते होईपर्यंत तो जावई नाही, नुसता एक पाहुणा. आणि नाब्बोसाचा भाऊ, म्हणजे पर्पेटुआचा बाप सेबोवा, यानं हे काम धाकट्या बहिणीला, गाउडेंशियाला, देऊन टाकलं होतं. नाब्बोसा पुढच्या रांगेत खुर्चीवर बसेल, चांगली मऊ उशी देऊ, म्हणाला.

"खुर्चीवर कॉफीचं पोतंही ठेवता येतं," सेंगा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते मला दिसलं याचा तिला भयंकर राग आला.

सेबोवा काही वाईट माणूस नव्हे. लकवा मारला त्या सकाळी ती कोंबड्यांच्या खुराड्यापाशी पडलेली त्यालाच सापडली होती, आणि तेव्हापासून त्यानं धसकाच घेतला होता. पाहुण्यांसमोर परत पडली तर, एवढंच त्याच्या डोक्यात. मी त्याच्याशी भांडले. आम्हा डोंगराकडच्या बाकिगांचा आवाज मुळात मोठा, त्यामुळे ते भांडण तीन केळीच्या बागांपलीकडे ऐकू गेलं. शेवटी तो म्हणाला की माझ्यासमोर करून दाखव, कुणाच्या हाताशिवाय, मग बघू.

मग आमचा तमाशा सुरू झाला. शिकवायचं म्हणजे आधी करून दाखवायला हवं, म्हणून मी चटईवर गुडघे टेकले. सेंगानं ते पाहिलं आणि तिला हसूच आवरेना. म्हणाली, मुली, तू गुडघे टेकतेस की हरवलेली सुई शोधतेस? आधी तू नीट टेकायला शीक, मगच मी उठायला शिकेन. तिनं हट्टच धरला. तेव्हापासून दर खेपेला ती मला खाली बसायला शिकवायची, पाठ सरळ, नजर खाली, घाई नाही, आणि मी तिला वर यायला. उजवा पाय पुढे, नाक पायाच्या बोटांवर, मग ऊठ. हे मी इतक्यांदा म्हटलं की शेजारणी भुईमुगाच्या शेंगा घेऊन बघायला बसायच्या आणि माझ्याआधी त्याच ओरडायच्या, नाक बोटांवर. एका रविवारी चर्चमध्ये प्रार्थना संपवून उठताना कुणीतरी म्हातारी सवयीनं हेच मोठ्यांदा बोलून गेली. पाद्रीबाबांना काही कळेना आणि आम्ही मागच्या बाकावर रुमाल तोंडात कोंबून बसलो होतो.

एकाच गोष्टीत तिनं मला दाद दिली नाही, डाव्या हाताच्या. तो पट्ट्यातून बाहेर काढ, त्याला काम दे, म्हणून मी घसा कोरडा केला. तो मेलाय, त्याला झोपू दे, म्हणायची. तो मेला नव्हता. मी पाहत नसले की ती त्याच हातानं मांडीवर वाटी धरायची, मला ठाऊक होतं.

शेवटी तिनं सेबोवाला करून दाखवलं. टेकली, जराशी डुलली, उठली. तो स्वयंपाकघरात गेला आणि बऱ्याच वेळानं लाल डोळ्यांनी बाहेर आला. चुलीला फार धूर आहे म्हणाला. चूल पेटलेलीच नव्हती.

दिवस उजाडला. अंगणात दोन मांडव समोरासमोर, मधे मोकळी जागा, तिच्यावर नव्या चटया. घरात नुसती धांदल, आणि सगळ्या धांदलीची मालकीण गाउडेंशिया. काम हातचं गेलं म्हणून ती रुसली असेल अशी मला भीती होती, पण ती बाई मनानं मोठी. रुसवा बाजूला ठेवून तिनं सगळ्यांना सजवायचं काम अंगावर घेतलं. गोमेसी म्हणजे इथल्या बायकांचा सणाचा झगा, वर टोकदार खांदे, कमरेला रुंद पट्टा. नवी गोमेसी त्या दिवसाआधी कुणी अंगाला लावत नाही, पेटीतून निघते ती थेट त्याच सकाळी. तिच्या आत किकोयी गुंडाळतात, जाड कापड, कंबर भरलेली दिसावी म्हणून. गाउडेंशियानं सेंगाला, पर्पेटुआला आणि मलाही एकेक नव्हे, दोन दोन किकोयी आवळल्या. पाहुण्यांना कळू दे, या घरच्या बायका उपाशी नाहीत, म्हणाली. मी श्वास आत ओढून आरशात पाहिलं आणि खूश झाले. आम्ही सगळा सराव जुन्या ढगळ घागऱ्यावर केला होता, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं असेल तर शपथ.

मुलाकडचे आले. दोन्ही बाजूंना बोलण्यात पटाईत असा एकेक माणूस भाड्यानं आणलेला, आणि दोघं सकाळपासून एकमेकांच्या टोप्या उडवत होते. त्यांचा लुबेगा तर एवढा गोडबोल्या की मधमाश्या मागे लागाव्यात. मग सेंगाला बोलावणं आलं. ती हळूहळू पलीकडे गेली. दोनतीन चुकीच्या तरुणांपाशी मुद्दाम थांबली, त्यांची हनुवटी उचलून नको नको म्हणाली, लोक हसले. मग नवऱ्या मुलापाशी, कावेसीपाशी, आली, त्याला मोकळ्या जागेत उभं केलं आणि गुडघे टेकले. इतके सुरेख की माझ्या शेजारच्या बायकांनी कौतुकानं माना डोलावल्या.

आणि ती तिथेच राहिली.

थोडा वेळ सगळ्यांना वाटलं, आदर म्हणून बसलीय. मला मात्र तिचा उजवा गुडघा कापडाखाली हलताना दिसला. पुढे यायला बघत होता आणि येत नव्हता. पुढच्या रांगेत सेबोवा खुर्चीतून अर्धा उठला होता, चेहरा राखेसारखा. त्यानं येऊन तिला उचललं असतं तर संपलंच. मग ती आयुष्यभर उशीवरची सेंगा.

मी विचार बिचार केला नाही. तरातरा गेले आणि तिच्या शेजारी गुडघे टेकले, पाठ सरळ, नजर खाली.

"आता नीट टेकलेस," ती ओठ न हलवता म्हणाली. "माझा पाय पुढे येत नाही. गाउडेंशियानं मला पानात माटोकेची केळी बांधावीत तसं बांधलंय."

मी माझा पाय हलवून पाहिला. "सेंगा," मी म्हटलं, "माझाही येत नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग तिचं पोट हलायला लागलं, मग माझं. दोन मांडवांच्या मधे, सगळ्या गोतावळ्यासमोर आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून अशा हसत होतो की कावेसीला घाम फुटला. बिचाऱ्याला वाटलं, त्याच्यातच काहीतरी खोट निघाली.

सेंगानं डोळे पुसले आणि आवाज चढवला. "लुबेगा, या घरची सेंगा एकदा बसली की फुकट उठत नाही. ही मुलगी मी वाढवलीय. मला आणि माझ्या डॉक्टरणीला उठवायला काय आणलंय ते दाखवा."

आमच्या मांडवातल्या बायकांनी ललकाऱ्यांनी आभाळ डोक्यावर घेतलं. लुबेगा असल्या संधीवरच जगणारा माणूस. त्यानं साखर पुढे केली, सेंगानं मान फिरवली. साबण आला, तिनं जांभई दिली. शेवटी त्यानं रिवाजाप्रमाणे मुलीच्या भावासाठी आणलेला कोंबडा टोपलीतून वर उचलला, आणि कोंबड्यानं त्याच्या हाताला टोच मारून थेट मांडवात झेप घेतली. पांढरे पायघोळ कान्झू घातलेली सगळी प्रतिष्ठित मंडळी त्याच्या मागे धावली. आमच्याकडे बघायला कुणी उरलं नाही.

मी माझी गोमेसी पडद्यासारखी पसरली. किकोयीच्या गाठी तिच्या डाव्या कुशीत, माझा हात तिथवर पोचेना, आणि एका हातानं त्या सुटेनात.

"डावा हात," मी म्हटलं.

"तो मेलाय."

"मग मेलेल्या हातानं धर. मला काय त्याचं."

हात आधीच पट्ट्यात होता, गाठींच्या शेजारीच. त्यानं टोक चिमटीत धरलं, थरथरत, आणि उजव्यानं ओढलं. एक गाठ सुटली, मग दुसरी. दोन्ही किकोयी सळसळत चटईवर उतरल्या. सेंगानं उजवा पाय पुढे टाकला. तेवढ्यात शेजारणींच्या ते ध्यानात आलं आणि अख्खा घोळका ओरडला, नाक बोटांवर. ती उठली. गाउडेंशियानं भरलेली कंबर खाली राहिली होती, म्हणून मी झटकन सरकून त्या कापडांवर बसले.

तिनं कावेसीला फूल दिलं, त्याचा हात धरला आणि त्याला घेऊन निघाली. डावा हात बाहेरच राहिला होता. कोंबड्याच्या नादात ती त्याला परत लपवायला विसरली की विसरली नाही, ते मी तिला कधी विचारलं नाही.

पर्पेटुआ पुढे आली आणि आत्यासमोर गुडघे टेकून बसली. बराच वेळ बसली. बायका डोळ्यांना रुमाल लावू लागल्या, पोरीचं मन भरून आलंय म्हणून. मला तिचा चेहरा समोरून दिसत होता आणि त्यावर भरून आलेलं वगैरे काही नव्हतं.

"सेंगा," ती पुटपुटली, "मी अडकले."

सेंगानं जावयाचा हात सेबोवाच्या हातात दिला. मग सगळ्यांदेखत तिनं तो डावा हात पोरीपुढे केला, वाकडी बोटं तशीच, थरथर तशीच. "दोन्ही पाय एकदम अंगाखाली घे, बाळा," ती म्हणाली. "नाक बोटांवर. घाई नाही, मी धरलंय."

पर्पेटुआ उठली. तरुण गुडघे, जोर सगळा तिचाच असणार, हे मला कामामुळे कळतं. पण सेंगाची बोटं वळली होती आणि तिनं सोडलं नाही. सेबोवा उघड उघड रडत होता, या खेपेला धुराचं नावही न घेता.

कोंबडा सापडल्यावर सेबोवा आणि लुबेगानं मला दोन बाजूंनी धरून उचललं, किकोयींसकट.