पांढऱ्याची जीत

रामहरी कडू सरांनी निवृत्तीनंतर एक काम अंगावर घेतलं होतं. गणित शिकवता शिकवता पंचवीस वर्षं ते जिल्ह्यातल्या बुद्धिबळ स्पर्धांना पंच होते, आणि त्या सगळ्या डावांचे कागद कोल्हारच्या घरी पत्र्याच्या पेटीत पडून होते. मुलानं दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर ते रोज सकाळी एकेक डाव चढवत आणि बुद्धिबळाच्या प्रोग्रामला विचारत, कोण कुठं चुकलं.

एक दिवस १९९४चा कागद हाती आला. नगरची जिल्हा निवड स्पर्धा, शेवटची फेरी. काळ्या बाजूला नाव होतं : प्रज्ञा रखमाजी साळवे, पाथर्डी. खाली सरांच्याच अक्षरात निकाल : ‘पांढऱ्याची जीत.’

त्या दिवशी हॉल सहाला रिकामा करायचा होता. अर्धा राहिलेला डाव थांबवून पंचांनी निकाल द्यायचा, अशी तेव्हाची पद्धत. पांढऱ्याकडं वजीर होता, काळ्याकडं नुसता हत्ती; प्यादी एकमेकांसमोर अडकून पडलेली. सरांनी उभ्या उभ्या पाहिलं आणि लिहून टाकलं. तेव्हा पंधरा वर्षांची प्रज्ञा उठून म्हणाली होती, “सर, तो जिंकूच शकत नाही. कसा जिंकतो ते दाखवा ना.”

“वजिरापुढं हत्ती किती टिकणार? पंचांशी वाद घालायचा नसतो,” असं म्हणून सरांनी तिला गप्प केलं होतं. बरोबरी झाली असती तर तिची राज्य स्पर्धेला निवड झाली असती. अर्ध्या गुणानं ती राहिली.

सरांनी पडद्यावर तो पट मांडला. प्रोग्रामनं क्षणात आकडा दाखवला : पांढरा तीन प्याद्यांहून जास्त वरचढ. दुसरा प्रोग्राम लावला, त्याचंही तेच. सरांचा जीव भांड्यात पडला.

चहा घेऊन आले, आकडा तोच. जेवून आले, तरी तोच. जिंकायचा डाव असला की आकडा हळूहळू चढत जातो, हे त्यांना आता माहीत झालं होतं. हा चढेना, उतरेना. प्रोग्रामनं सुचवलेल्या खेळ्या त्यांनी नीट पाहिल्या. पांढरा वजीर नुसता पटभर हिंडत होता. काळा हत्ती दोनच घरांत ये-जा करत होता, आणि त्या दोन्ही घरांना एकाच प्याद्याचा आधार होता. हत्तीनं अडवलेली ओळ पांढऱ्या राजाला ओलांडताच येत नव्हती.

मग त्यांनी दोन्ही प्रोग्राम तिथून पुढं एकमेकांशी खेळायला लावले. ना मोहरा मेला, ना प्यादं हललं. पन्नास खेळ्या झाल्या आणि नियमानं बरोबरी. बाजू बदलल्या, पुन्हा बरोबरी. संध्याकाळपर्यंत वीस डाव झाले, वीसही बरोबरीत. आणि आकडा अजूनही पांढराच वरचढ म्हणत होता. प्रोग्राम नुसती मोहऱ्यांची मोजदाद करून मोकळे होत होते; त्या दिवशी सरांनीही तसंच केलं होतं.

त्यांच्या पत्नी मालनबाई म्हणाल्या, “तीस वर्षं झाली. आता कोण विचारतंय?”

“तिनं विचारलं होतं,” सर म्हणाले.

पाथर्डीतल्या सहादेव नावाच्या जुन्या शिक्षकाला त्यांनी फोन लावला. प्रज्ञा साळवे तिथंच एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक आहे, असं कळलं. दुसऱ्या दिवशी नगरला गाडी बदलून सर दुपारी पोचले. केबिनमध्ये चष्मा लावलेली, पंचेचाळिशीची बाई माइकवरून शेवगावची गाडी पुकारत होती. सरांनी नाव सांगितलं. तिनं माइक बंद केला.

“तुमचा डाव बरोबरीचा होता,” सर म्हणाले. “काल दिवसभर दोन प्रोग्रामवर तपासला.”

“प्रोग्रामला लगेच कळलं?”

“नाही. ते पांढराच जिंकतोय म्हणत होते. खेळवून बघितले तेव्हा कळलं.”

“तुम्हाला आठवत नसेल सर. पंचांना उलटून बोलले म्हणून माझ्या आप्पांनी मला तुमच्या पाया पडायला लावलं होतं. सगळ्या हॉलसमोर.”

सरांना खरंच आठवत नव्हतं. ते त्यांना जास्त लागलं.

“आप्पा आहेत?”

“आहेत. ऐकू कमी येतं. पंचायत समितीत शिपाई होते, साहेबांचे डाव बघून शिकले आणि मला शिकवलं. त्या दिवसानंतर त्यांनी घरात पट काढला नाही. मीही मागितला नाही.”

“मला त्यांना सांगू द्या.”

तिनं घड्याळ पाहिलं. “चारला ड्युटी सुटते.”

तिचे आप्पा, रखमाजी, घराच्या ओट्यावर बाजेवर बसले होते. सरांनी त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं सांगितलं, “मी निकाल चुकीचा दिला होता. पोरगी हरली नव्हती.”

“तुमी सर हायसा. तुमी कसं चुकाल?”

“चुकलो. नीट बघितलंच नाही.”

म्हाताऱ्याला पटेना. तेव्हा सरांनी पिशवीतून पट काढला आणि बाजेवर मांडला. स्वतः पांढरी बाजू घेतली. प्रज्ञा उभ्यानंच समोर आली. सरांनी वजीर इकडून आणला, तिकडून आणला, शह दिले. तिनं राजा सरकवला, हत्ती त्या घरातून या घरात आणला, परत नेला. रखमाजींची नजर तिच्या बोटांवर होती. पंधरावीस खेळ्या झाल्यावर त्यांनी पटावर हात ठेवला.

“बास.”

“तू सांगत हुतीस,” ते लेकीला म्हणाले.

“व्हय आप्पा.”

“आन म्या तुला वाकाय लावलं.”

“व्हय.”

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि त्या टोपीनंच तोंड पुसलं. पुसतच राहिले. प्रज्ञानं त्यांच्या शेजारी बसून त्यांचं मनगट धरलं.

सर म्हणाले, “मी जिल्हा बुद्धिबळ संघटनेला लिहितो. निकाल बदलतील की नाही सांगता येत नाही, पण लिहितो.”

“लिहा,” ती म्हणाली. “पण माफ केलं असं मी आज म्हणणार नाही, सर.”

“नका म्हणू.”

नगरच्या गाडीत बसवायला ती स्टँडपर्यंत आली. खिडकीजवळची जागा तिनं रिकामी करून दिली, कंडक्टरला सांगितलं की सरांना नगरला कोल्हारची गाडी दाखव. सरांनी हात जोडले.

“सावकाश जा,” ती म्हणाली. “आप्पा आज जेवायचे नाहीत. मला घरी गेलं पाहिजे.”

आणि गाडी सुटायची वाट न बघता ती झपाझप निघून गेली.