अंगठ्यातली रतन

"हलला! हलला गं आंगठा!"

भाज्याच्या देवळापुढच्या मांडवात एकच कालवा उठला. मागच्यांनी पुढच्यांच्या खांद्यावर हनुवट्या टेकल्या, बायांनी पोरं कडेवर घेतली, आणि धबधबा बघायला आलेली पुण्याची मंडळीही मोबाइल उंच धरून आत घुसली. मधोमध पाटावर शालूबाई बसली होती. उजव्या घोट्यात पितळी कडं, कड्याखाली ओलं फडकं, आणि त्या पायाचा अंगठा आपला आपणच वाकत होता, सुटत होता. पाय तिचा होता. अंगठा मात्र दुसऱ्याच कुणाचा तरी झाला होता.

"पाहा भक्तहो, जलतत्त्वाची फ्रिक्वेन्सी!" कडेवाले महाराज गरजले. कड्याला बांधलेला जाड काळा गोफ त्यांच्या वाघछाप ब्लँकेटखाली गेला होता. त्या गोफातून म्हणे बाधा महाराजांकडे सरकत येते. "मस्तकातून उतरली, कमरेतून उतरली, आता अंगठ्याच्या दारात उभी आहे. बोल, कोण आहेस तू?"

अंगठा बोलला नाही. भुतांच्या वतीनं बोलायचं काम महाराज स्वतःच करत. "म्हणते, मी रतन. डोहातली रतन. आता मी पाण्यातल्या साती आसरांच्या मेळ्यात गेले, आणि बहिणीचं पाणी ओढते."

महाराजांना रतनचं नाव ठाऊक कसं, हे कुणी विचारलं नाही. आदल्या दिवशी चहा पिता पिता ते गावच्या भिमाजी आबांनीच सांगितलं होतं, आणि आता सगळ्यात मोठा आ त्यांचाच वासला होता.

"अवसेला डोहाच्या उंबराखाली हिला लोखंडी खिळ्यानं ठोकतो," महाराजांनी जाहीर केलं. "सात पिढ्या वर येणार नाही."

शालूबाईच्या काळजात तो खिळा तेव्हाच बसला.

वरीसभर तिला पाण्याचा आवाज सोसत नव्हता. नळ सुटला, कुणी हंडा रिता केला, की पोटाच्या तळाशी कळ दाटायची आणि मोरी गाठायच्या आत लुगडं भिजायचं. भाज्यासारख्या गावात पाण्यापासून पळायचं तरी कुठं? डोंगरावरून पाणी, बांधाच्या फटीतून पाणी, भिंतीमागच्या गटारीत पाणी. जिकडे जावं तिकडे ते बोलतच असायचं. लग्नाला जाणं सुटलं, भजनाला बसणं सुटलं. सांगायचं कुणाला? बाईच्या जातीनं हे दुखणं पदराखाली झाकायचं, एवढंच तिला माहीत. शेवटी बाधा म्हणून ती महाराजांच्या पाटावर बसली, आणि आधीच्या दोन-तीन बैठकींनी वाईच बरंही वाटलं.

आणि त्या बोलत्या पाण्यात तिला हळूहळू एक हाक ऐकू यायला लागली. आक्का. ए आक्का.

रतन तिची पाठची बहीण. दोघी एकाच घरात दिलेल्या. एका सकाळी रतन गोधड्या धुवायला डोहावर गेली; वाळायला गोधड्या तेवढ्या घरी आल्या. तिनं हाक मारली असेल का? पाण्याच्या आवाजात ती विरली असेल का? शालूबाईनं हे कुणाला कधी विचारलं नाही. कुणाला विचारणार?

मांडवातून घरी येताना सून सारिकानं तिचा हात धरला होता.

"आई, तुम्ही गप्प का?"

"रतनीला खिळा मारणार म्हन्त्यात गं."

"मारू देत की खिळा. उंबराला काय, दोन दिवस दुखंल."

"चेष्टा करू नगं. माझं लुगडं भिजलं तर भिजू दे. पर ती पोरगी..." रस्त्याकडेच्या ओहोळाचा आवाज टाळायला तिनं पदर कानावर घेतला. मग एकदम म्हणाली, "सारिके, येक सांगू? आंगठा लय तालात हलत हुता."

"मग?"

"रतनीला ताल न्हवता गं! जात्यावर बसलो का ओवी मी धरायची, आन् तिनं मधीच हसून सांडायची. पीठ भुईवर, ही भुईवर."

तिनं चालता चालताच ओवी गुणगुणली:

*येक खुंटा, दोन हात, तुजा गं माज्यावरती*
*ताल चुकं, तू हसं, पीठ सांडं भुईवरती*

"जल्मभर जिला ताल जमला न्हाई," ती म्हणाली, "तिला मेल्यावर कुनी शिकिवला?"

सारिका लोणावळ्याच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला होती. दुसऱ्याच दिवशी तिनं सासूला लोकलमध्ये बसवलं. डॉक्टरांनी लघवी तपासली, साखर तपासली, आणि मग शालूबाईला आतल्या खोलीत फिजिओथेरपीच्या शहिस्ता मॅडमकडे पाठवलं. पोरगी तिशीची, कामशेतची, तोंडाची गोड.

"मावशी, पाण्याचा आवाज आला की घाई होते ना?"

शालूबाई खुर्चीतून अर्धी उठली. "तुमाला कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका हेच सांगतात. पुरुषसुद्धा. कुणाला नळाचा आवाज, कुणाला दारात आल्यावर कुलपात किल्ली. मूत्राशय अगदी उतावीळ झालेलं असतं. निमित्त मिळालं की आवळून येतं."

"समद्यांच्या भैनी बुडाल्यात का?" शालूबाईनं विचारलं, आणि आपलाच प्रश्न ऐकून ती चमकली.

शहिस्तानं घोट्याच्या आतल्या बाजूला दोन चिकट चकत्या लावल्या. चकत्यांना तारा, तारांना हातात मावेल एवढी डबी. तिनं डबीचं चाक जरा फिरवलं. अंगठा वाकला. सुटला. वाकला. त्याच तालात.

"आली!" शालूबाई ओरडली. "रतनी हितंबी आली!"

"नाही मावशी. ही बॅटरीवरची डबी आहे." शहिस्तानं तिचं बोट धरून चाकावर ठेवलं. "तुम्हीच बंद करा."

शालूबाईनं चाक मागं घेतलं. अंगठा गप्प. पुढं केलं. नाचला. मागं. गप्प. तिनं कितीदा तरी तेच केलं. मग तिची नजर तारांवर गेली.

"हेला दोरा हाय की," ती हळूच म्हणाली. "त्येच्याबी कड्याला हाय. काळा."

अवस आली. डोहाकाठी निम्मं भाजे जमलं. उंबराच्या बुंध्याशी महाराज खिळा-हातोडा मांडून बसले होते. शालूबाई पाटावर बसली, निमूट पाय पुढं केला, कडं घालून घेतलं. अंगठा नाचू लागला. खाली डोहाचं पाणी काळं, स्वस्थ होतं.

"निघाली! ठोकतो आता!"

"थांबा म्हाराज," शालूबाई म्हणाली. "रतनी ह्या आंगठ्यात हाय न्हवं? मंग दुसऱ्या कुनाच्या आंगठ्यात ती आसायची न्हाई."

"अर्थातच नाही. एक आत्मा, एक अंगठा!"

"आबा, पाय फुडं करा."

भिमाजी आबा पुढं आले. मानाचं काही असेल असं त्यांना वाटलं. ठरल्याप्रमाणे गर्दीतून डबी घेऊन शहिस्ता आली. "आबा, ही विजेची डबी आहे. थोड्या मुंग्या आल्यासारखं वाटेल. चालेल? छातीत मशीन-बिशीन बसवलंय का?"

"मला गं काय धाड भरलीय? लाव."

चकत्या लागल्या. डबी शालूबाईच्या हातात. तिनं चाक फिरवलं, आणि आबांचा अंगठा टुणकन उडाला.

"आरं आरं आरं! माझ्यात बी रतनी?"

"आबा, काकूला सांगू का?" मागून कुणीतरी ओरडलं. हशा उसळला.

शालूबाई हसली नाही. ती आबांच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "रतने, थांब." अंगठा थांबला. "रतने, चल." चालला. "थांब." ती गर्दीकडे वळली. "बघा गं बायांनो. ही माझी भैन न्हाई. माझ्या भैनीनं माझं कंदी ऐकलं न्हाई."

मग तिनं वाकून आपल्या कड्याचा काळा गोफ दोन्ही हातांनी ओढला. ब्लँकेटवरचा वाघ हलला, आणि त्याच्या पोटाखालून तशीच एक डबी चिखलात येऊन पडली. सुटलेल्या गोफातून तांब्याची तार चमकली. कडं उघडलं तर आत चामड्यानं वेगळे केलेले पितळेचे दोन तुकडे. ओल्या फडक्यातून वीज नेमकी घोट्यामागच्या नसेत जायची.

"ते... ते ऊर्जावर्धक आहे," महाराज पुटपुटले. "कॉस्मिक..."

"कॉस्मिकचं चार्जिंग संपलं वाटतं," सारिका म्हणाली. ती आधीच पोलिसांना फोन लावत होती.

"पर मॅडम," एका म्हातारीनं विचारलं, "शालीला त्या कड्यानं वाईच बरं वाटलं हुतं, त्ये?"

"वाटलं असेल," शहिस्ता म्हणाली. "ही नस घोट्यामागून वर कमरेपर्यंत जाते. मूत्राशयाच्या नसाही तिथूनच निघतात. पायाला हलकी वीज दिली की पुष्कळांचं उतावीळ मूत्राशय हळूहळू शांत होतं. सगळ्यांचं होतंच असं नाही. आठवड्यांमागून आठवडे उपचार घ्यावा लागतो, व्यायाम करावा लागतो. यांनी मात्र न विचारता, न तपासता वीज लावली. कुणाच्या छातीत पेसमेकर असता तर? आणि उपचाराचं नाव झाकून यांनी मेलेल्या माणसाचं नाव पुढं केलं."

खिळा तिथंच पडून राहिला.

वाचणाऱ्यांनो, देहाला दुखणी होतात. त्यांना नावं आहेत, आणि बऱ्याचदा उपायही आहेत. लाजून ती झाकली की त्या अंधारात पहिला शिरतो तो भोंदू. तेव्हा अंगठा नाचला तर आधी दोरा कुठं जातो ते बघा. आणि आपल्या दुखण्याचा आळ आपल्या गेलेल्या माणसांवर घालू नका. त्यांना तोंड नाही, ती नाही म्हणू शकत नाहीत.

शालूबाईचे उपचार सुरू आहेत. कधी साधतं, कधी लुगडं भिजतं. पण दिवाळी सरल्यावर एका सकाळी ती एकटीच डोहावर गेली. डोहाच्या तोंडाशी पाणी दगडांवरून खळाळत होतं. कळ आली. शहिस्तानं शिकवल्यासारखी ती घाई न करता जागीच उभी राहिली, अंग आवरून धरलं, श्वास सावकाश सोडला. कळ ओसरली.

ती काठावर बसली. पाण्याकडे कान देऊन खूप वेळ ऐकलं. नुसतं पाणी होतं.

मग तिनं ओवी धरली, आणि जिथं रतन हसायची तिथं मुद्दाम ताल सोडला.